दोन शेपट्यांचे दहा गुण

बान हुआयसाय
८ जानेवारी, बुद्धवर्ष २५४३

सेंगदा,

नाही गं बाई, नवरा नाही केला मी. तुला दुआंगनेच सांगितलं ना? त्याची पिवळी प्रवासी गाडी आमच्या पुलावर जरा थांबते काय, तेवढ्यात त्याने एक म्हातारा माझ्या पाणवठ्यावर गुडघाभर पाण्यात उभा बघितला आणि मी काठावर हसत बसलेली बघितली. एवढ्यावर खाली तुझ्या गावापर्यंत पोचता पोचता त्याने माझं लग्न लावलं. पंगतही उठवली असेल.

ते इन्ता मास्तर आहेत. शाळेतून निवृत्त झालेले, बायको जाऊनही बरीच वर्षं झाली. गावोगाव फिरतात आणि नदीतले किडे शोधतात. हस, हस. मी पण हसले. पहिल्या दिवशी मी विचारलं, "मास्तर, अंगठी हरवली का?" तर म्हणाले, "नदीची तब्येत बघतोय." म्हटलं, "हिची नाडी कुठे असते?" तर त्यांनी पाण्यातला एक धोंडा उचलला, उलटा केला आणि माझ्या नाकासमोर धरला. म्हणाले, "इथे."

अगं, धोंड्याच्या पोटाला काय काय चिकटलेलं! एक चपटा किडा, मागे दोन शेपट्या. एक त्याच्याहून नाजूक, त्याला तीन. एका अळीने तर बारीक खडे चिकटवून स्वतःला घर बांधलेलं, तुझ्या लेकाने, विरोतने बांधलंय त्याहून नीट. मास्तर ते सगळं पांढऱ्या ताटात घेतात, कुंचल्याने हळूच, कुणाचा पाय मोडणार नाही असं. मग प्रत्येक जातीला गुण. दोन शेपट्यांना दहा. त्याला घाण पाण्यात श्वासच घेता येत नाही म्हणे, म्हणून तो दिसला की समजायचं, पाणी चोख. गोगलगायीला तीन. लाल अळीला दोन, ती काय गटारातही मजेत राहते. जितक्या जाती सापडतील त्यांच्या गुणांची बेरीज करायची, म्हणजे पाण्याची परीक्षा झाली.

जन्मभर मी त्या धोंड्यांवर कपडे आपटले, सेंगदा. खाली शाळा भरलीय हे कुणी सांगितलंच नाही.

जेवायला ते माझ्याकडेच असतात. विहारात सांगितलं होतं त्यांनी, पण भन्त्यांचं जेवण दुपारच्या आत संपतं आणि मास्तरांना संध्याकाळी भूक लागते. मग काय, माणूस उपाशी ठेवू? काल मी त्यांना चतुराची पिल्लं करून घातली. तुझ्या आईची रीत, हळद, गवती चहा, मिरची, केळीच्या पानात गुंडाळून निखाऱ्यावर. पाणवठ्याच्या शांत बाजूला शेवाळात चाळणी फिरवली आणि होती नव्हती तेवढी सगळी काढली. तीन पुड्या खाल्ल्या बघ माणसाने. बोटं चाटली.

येत्या आठवड्यात ते माझ्या पाणवठ्याची पक्की मोजणी करणार आहेत, मग खालच्या गावांची. तुझ्याकडेही येतील. जरा बरा सिन नेसून बस. ते ठिगळाचं लुगडं नको, आपल्या आया सख्ख्या बहिणी होत्या हे लोकांना माहीत आहे, मला लाज येते.

तुझी ताई,
बुआचीन

---

बान थाफा
२१ जानेवारी

बुआचीन ताई,

तुझं पत्र दुआंगने दिलं. वाचून बरं वाटलं, तब्येत बरी दिसते तुझी. इतकं लांब पत्र तू मेहुण्यांच्या आजारपणातसुद्धा लिहिलं नव्हतंस.

मास्तर आमच्याकडे येऊन गेले. खूप सभ्य माणूस. तू सांगितलंस म्हणून मी निळा सिन नेसले होते, ते म्हणाले की हा रंग नदीकाठी शोभतो. मी आपलं अदबीने "हो चाओ" म्हटलं, दुसरं काय म्हणणार.

आमच्या पाण्याची मोजणी झाली. बेरीज चांगली आली. मला त्यातलं कळत नाही पण तेच म्हणाले, "सेंगदाबाई, तुमच्याकडे दोन शेपट्यांचे आहेत, खड्यांच्या घराची अळी आहे आणि चतुराची पिल्लं तर तीन तऱ्हेची आहेत. वरच्या गावात मला एकही चतुर सापडला नाही." मी म्हटलं, वरच्या गावात म्हणजे कुठे? तर म्हणाले, तुमच्या ताईंच्या पाणवठ्यावर. मला फार वाईट वाटलं. तुझ्याकडचं पाणी तर आमच्याहून वरचं, मग असं कसं झालं? काही काळजी घेतेस ना? साबण वगैरे फार वापरू नकोस.

मी त्यांना चिकट भात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा वाढला. साधंच. जेवताना म्हणाले की तुमच्या ताईंच्या हातचं तिखट जरा जास्त असतं. मी त्यांना आणखी भात वाढला.

पुढच्या महिन्यात परत येणार आहेत.

तुझी,
सेंगदा

---

बान हुआयसाय
२९ जानेवारी

सेंगदा,

साबण!

मी साबण वापरते म्हणून चतुर पळाले, असं म्हणायचंय तुला? अगं, चतुर माझ्या पाणवठ्यावर नव्हते कारण ते मास्तरांच्या पोटात होते. मी माझे गुण पानात गुंडाळून, भाजून, त्यांना वाढले आणि त्यांनी ते बोटं चाटून खाल्ले. दोन दिवसांनी तोच माणूस ताट घेऊन पाण्यात वाकून म्हणतो, "नवल आहे, इथे चतुर हवे होते." मी काठावर उभी. आता काय सांगू, मास्तर, ढेकर द्या, सापडतील?

मला कुठे माहीत होतं की जे खातो त्यालाही गुण असतात! जन्मभर आपण ते खात आलोय. त्यांनी आधी सांगायला नको? म्हणे परीक्षा.

तुझा निळा सिन मला माहीत आहे. दुसऱ्या नवऱ्याच्या वेळी काढला होतास तोच. सेंगदा, तुझा पहिला लोंगानच्या झाडावरून पडला, दुसरा झोपेत गेला. माझा एकच होता आणि तो जाईपर्यंत मला "अगं ए" म्हणूनच हाक मारायचा. माझ्याशी दोन वाक्यं नीट बोलणारा पहिला माणूस आयुष्यात आलाय, तर त्याला तू निळं दाखवतेस? दोनदा जेवून उठलेल्या बाईने तिसऱ्यांदा पानावर बसू नये.

आणि "हो चाओ" म्हणालीस म्हणे. किती वेळा म्हणालीस? तू लहानपणी माझ्या आईला एकदासुद्धा नीट "चाओ" म्हटलं नाहीस, चापट खाल्लीस तेव्हाही नाही. आता जिभेला मध लागला.

माझं तिखट त्यांना जास्त वाटतं हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. डोळ्यांत पाणी यायचं, मला वाटायचं बायकोची आठवण येते.

एक मात्र मला समजत नाही. मी वर, तू खाली. मी सकाळी चूळ भरते ते पाणी दुपारी तुझ्या पाणवठ्यावर येतं. मध्ये तुझ्या विरोतचं डुकरांचं कुंपण. मागच्या सोंगक्रानला, नव्या वर्षाच्या सणाला, मी आले होते तेव्हा तुझ्या पायरीवर उभी राहून नाकाला पदर लावला होता, आठवतं? मग तुझ्याकडे दोन शेपट्यांचे आले कुठून? त्यांना तुझा सिन आवडला का?

बुआचीन

---

बान थाफा
१२ फेब्रुवारी

बुआचीन ताई,

तुला राग आलाय. मी राग मानत नाही, तू लहानपणापासून अशीच आहेस. माझ्या पायाचं पैंजण तुझ्याहून बारीक होतं तरी तू दोन दिवस जेवली नव्हतीस.

डुकरं आता पूर्वीसारखी नाहीत, विरोतने कुंपण मागे घेतलंय. वासही येत नाही. निदान आम्हाला येत नाही.

आणि मास्तर आमच्या पायरीवर मोजत नाहीत. तिथे ऊन फार. त्यांना ऊन बाधतं, डोकं दुखतं. म्हणून मी त्यांना वर वळणापाशी नेते, त्या मोठ्या चिंचेखाली, तिथे गार सावली असते आणि धोंडेही बरेच आहेत. मी तिथेच चटई टाकते. ते मोजतात, मी भाताची टोपली उघडते. परवा तर मोजून झाल्यावर चटईवर आडवे झाले आणि लगेच घोरायला लागले. खांद्यावरचा पंचा, पाखमा, तोंडावर टाकलेला. मी माशा वारत बसले.

एवढंच. तू उगीच काहीबाही मनात आणू नकोस. मला या वयात काय करायचंय?

मास्तर म्हणाले की आमच्या गावचं पाणी बघून समाधान वाटतं, वैशाखी पौर्णिमेला नदीचं आयुष्य वाढवायचा विधी करायचा ठरतोय सगळ्या गावांनी मिळून, तो कुठल्या पाणवठ्यावर करायचा हे भन्ते त्यांना विचारून ठरवणार आहेत. मी काही बोलले नाही. पण विरोतला सांगून ठेवलंय, बांबू लागतील.

तुझी,
सेंगदा

---

बान हुआयसाय
१५ मार्च

सेंगदा,

पत्राला उशीर झाला. धूर फार आहे यंदा, डोंगर जळतायत, डोळे चुरचुरतात. आंब्याला मोहोर बरा आहे. माझा गुडघा बरा आहे.

मास्तर येऊन गेले परवा. चहा घेतला. मी फार काही बोलले नाही. तिखट कमी घातलं होतं.

चिंचेखाली सावली छान असते, मला आठवतं. आपण लहानपणी तिथेच पोहायला जायचो. पायरीपासून चांगलं वर आहे ना ते? कुंपणाच्याही वर. हो, वरच. म्हणजे चालायला त्रास होत असेल तुला रोज, टोपली घेऊन.

काळजी घे. पाणी कमी झालंय का खाली?

तुझी ताई,
बुआचीन

---

बान थाफा
४ एप्रिल

ताई,

हे पत्र भाजीवालीच्या हाती देतेय. दुआंगची गाडी आता आमच्या थांब्यावर थांबत नाही. का ते सांगते.

शुक्रवारी मास्तर न कळवता आले. मी चटई घेऊन निघाले तर म्हणाले, "आज सावली नको, सेंगदाबाई. आज आपण तुमच्या पायरीवर बघू." आणि सरळ चालत खाली आले. कुंपण ओलांडून, डुकरांच्या मोरीच्या तोंडाखाली, जिथे आमच्या घरची पायरी आहे तिथे पाण्यात उतरले. लोक जमले. उन्हाळ्याने पाणी घोट्याएवढं, हिरवं. त्यांनी धोंडा उचलला तर तो बुळबुळीत, आणि खाली काही नाही. दुसरा उचलला. काही नाही. मग गाळात जाळी घातली आणि ताटात ओतली.

लाल अळ्या. नुसत्या लाल अळ्या, वळवळणाऱ्या, दोऱ्यांचा गुंता सोडावा तशा. आणि दोन जळवा. बाकी एक जीव नाही. पांढऱ्या ताटात किती लाल दिसतात गं त्या.

मास्तरांनी ताट पायरीवर ठेवलं आणि ते बाजूला झाले. ज्याला बघायचं त्याने बघावं. एकेक जण वाकून बघत होता आणि बघून झालं की विरोतकडे बघत होता. विरोतने ताटाला लाथ मारली. माझ्या देखत, मास्तरांच्या ताटाला.

आता तुला खरं सांगते. मला माहीत होतं. दोन वर्षं झाली, शेजारच्या पोरांच्या पायांना खाज सुटून फोड येतात, मी त्यांच्या आयांना सांगते की डास असतील. कुंपण मागे घेतलंय ते पण खोटं. विरोतचं सगळं त्या डुकरांवर आहे, नवीन घर, सुनेचं बाळंतपण. मी काय करू? मास्तर पहिल्यांदा आले तेव्हाच मी ठरवलं होतं की यांना पायरीवर उतरू द्यायचं नाही. म्हणून ती सावली. मला त्यांच्या डोकेदुखीची काळजी नव्हती, निदान आधी नव्हती.

विरोत म्हणतो, दुआंगने चुगली केली. तोच डुकरं बाजाराला न्यायचा, त्यालाच मोरी माहीत. विरोतने त्याला चौकात सगळ्यांसमोर नाही नाही ते ऐकवलं, आता दुआंग डुकरं नेत नाही आणि आमच्याकडे थांबतही नाही. माझी सून दिवस भरत आलेली, तिला दवाखान्यात न्यायला गाडी नाही.

सोंगक्रानला तुझ्या हातावर पाणी घालून आशीर्वाद घ्यायला येणार होते, कशी येऊ?

सेंगदा

---

बान हुआयसाय
२० एप्रिल

सेंगदा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. रडू नकोस. सुनेची काळजी करू नकोस, मी इथल्या सरपंचाच्या मुलाला सांगितलंय, त्याची गाडी दार उघडं ठेवून उभी राहील, कधीही निरोप पाठव. सोंगक्रानला तू आली नाहीस, मी तुझ्या वाटचं पाणी आपल्या आयांच्या नावाने नदीत सोडलं. खाली आलं असेल तुझ्याकडे. आमच्याकडून निघालं तेव्हा स्वच्छ होतं.

विरोतला म्हणावं, ताटाला लाथ मारायची असेल तर आधी मला मार. त्या ताटावरचा एनॅमल मी राखेने घासून पांढरा केलाय.

आता विधीचं बोलू. तुमच्याकडे आता होणं शक्य नाही, ते तुलाही समजत असेल. माझ्या पाणवठ्यावर चतुर परत आलेत, मी हात लावला नाही त्यांना, गावात बजावून सांगितलंय की जो चाळणी घेऊन उतरेल त्याची चाळणी मी त्याच्या डोक्यावर घालेन. दोन शेपट्यांचे तर धोंड्याधोंड्याला आहेत. तेव्हा भन्ते इथेच येतील. मी बांबू तोडून ठेवलेत, टेकू लावायचे तीन मोठे, चांगले सरळ. सूतही कातून झालंय, नदीच्या दोन्ही काठांना पुरेल एवढं. मास्तरांची झोपायची सोय भाताच्या कोठीत केलीय, मच्छरदाणी नवीन आणली. तिखट बाजूला, वेगळ्या वाटीत.

तू ये. मागे बस, जमलं तर निळा नको नेसू.

तुझी ताई,
बुआचीन

---

बान थाफा
६ मे

बुआचीन ताई,

कसं लिहू कळत नाही, म्हणून सरळ लिहिते.

विधी आमच्याकडे होणार आहे. आमच्याच पायरीवर, मोरीच्या खाली. भन्ते येऊन बघून गेले. मी त्यांना म्हटलं, इथे कसं, वर हुआयसायला पाणी किती चोख आहे, माझ्या ताईने बांबूसुद्धा तोडलेत. तर भन्ते हसले. म्हणाले, "आयुष्य वाढवायचा विधी आजाऱ्यासाठी करतात, बाई. तुझी ताई आणि तिची नदी ठणठणीत आहेत. आमचे बांबू इथे लागतात." तुझे बांबू त्यांनी मागितलेत. पाठवशील ना?

मास्तर त्या शुक्रवारपासून गेलेच नाहीत. विहारात राहतात. तुला मागचं पत्र धाडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ घेऊन विरोतच्या दारात उभे राहिले. विरोत बाहेर येईना. मास्तरांनी एकट्याने खड्डा खणायला घेतला, उन्हात. डोकं दुखत असणार. दुपारी विरोत बाहेर आला आणि त्यांच्या हातातून कुदळ घेतली. आता मोरी नदीत जात नाही, तीन खड्ड्यांतून फिरून केळीच्या आणि लव्हाळ्याच्या वाफ्यात जाते. निम्मी डुकरं विकली. सुनेला मुलगी झाली, सरपंचांच्या मुलाच्या गाडीनेच नेलं तिला. तुझे उपकार.

काल मास्तरांनी पायरीवरचा धोंडा उचलला, खाली तीन शेपट्यांचं एक पिल्लू होतं. एकच. विरोतला हाक मारून दाखवलं. विरोत बराच वेळ त्या धोंड्यासमोर उकिडवा बसला होता.

ताई, मास्तरांनी मला विचारलं. काय विचारलं ते तुला समजेल. मी म्हटलं, "तुम्हाला मी फसवलं, सावली दाखवून." तर म्हणाले, "ती चिंच खरंच गार आहे. पण पुढच्या वेळी तिथे नुसतं जेवायला जाऊ." मी "हो चाओ" म्हटलं नाही. म्हटलं, ताईला विचारेन. तू नको म्हणालीस तर नको. खरं सांगते.

आणि एक काम कर. दुआंग शपथ घेतो की त्याने काही सांगितलं नाही. विरोतचा अजून विश्वास नाही, चौकात दोघं समोरासमोर आले की तोंड फिरवतात. मास्तरांना विचारलं तर म्हणतात, ज्याने सांगितलं त्याला विचारल्याशिवाय नाव सांगणार नाही. मला त्या माणसाला भेटायचंय. भांडायला नाही. विधीनंतर मनगटांना दोरा बांधतात, त्यातला पहिला दोरा मी त्याला बांधणार. शेजारच्या पोरांचे पाय बरे झाले, ताई. आम्हा सगळ्यांचा राग अंगावर घेऊन तो माणूस नदीसाठी बोलला. मी तिच्या पाण्यात रोज भांडी घासणारी, आणि मी गप्प होते. तुला खालवरच्या सगळ्या बातम्या कळतात, तू शोधून काढ.

तुझी,
सेंगदा

---

बान हुआयसाय
१२ मे

सेंगदा,

बांबू पाठवतेय. दुआंगच्याच गाडीवर बांधून दिलेत, तुमच्या थांब्यावर उतरव म्हणून दटावलंय. मच्छरदाणीही पाठवतेय. मला ती नको, मला डास चावत नाहीत, माझ्या रक्तात तिखट फार.

तुझं पत्र आलं तेव्हा मी सूत गुंडाळत होते. वाचून झाल्यावर तो गुंडा मी नदीत फेकला. मग उतरून काढला. ओला पाठवतेय, वाळव.

आजाऱ्यासाठी विधी! अगं, हे मला कसं सुचलं नाही? एवढे विधी बघितले जन्मात. माझ्या नवऱ्यासाठीही तीन बांबूंचा टेकू लावला होता, तेव्हा तो आजारी होता की मी? मी अशी मूर्ख, नदीची तब्येत ठणठणीत ठेवून बसले आणि वाटलं की आता सगळे माझ्याकडे येतील. डॉक्टर कुठे जातो? जिथे खोकला आहे तिथे. तू खोकत बसलीस आणि घेऊन गेलीस.

मला विचारतेस, हो म्हणू का? मी काय त्यांना खुंट्याला बांधलं होतं? मला त्यांनी कधी काही विचारलं नाही. एकदाच म्हणाले होते, "बुआचीनबाई, तुमच्याकडे यायला उत्साह वाटतो." तेवढ्यावर मी नवीन आरसा आणला. मी जळले, सेंगदा. फार जळले. चटई टाकलीस, माशा वारल्यास, तेव्हा इथे माझ्या चुलीला लाकूड लागत नव्हतं. मास्तर घोरतात हे मला तुझ्या पत्रातून समजावं? ते माझ्याकडे कधी आडवे झाले नाहीत, ताठ बसून जेवले आणि गेले, पाव्हण्यासारखे. तुझ्याकडे मात्र झोप लागली. माणसाला जिथे झोप लागते तिथे तो राहतो. एवढं चार इयत्ता शिकलेल्या मलाही समजतं.

तेव्हा हो म्हण. "हो चाओ" म्हण. आणि त्यांना चिंचेखाली झोपू दे, पण पाखमा तोंडावर टाकू नकोस, गुदमरतील. तुझा इतिहास बघता जरा जपून.

मी येईन विधीला. लाल सिन नेसून पुढे बसणार, मागे नाही. लोकांना वाटू दे की वरच्या गावची कोणी मोठी बाई आली. नातीला माझ्या नावाने हाक मारायची नाही, एक बुआचीन पुरे.

आता दोऱ्याचं. दुआंगला सोडा. त्याने एक शब्द काढला नाही, पोर नुसतं बडबडं आहे, चुगलखोर नाही. विरोतला चौकात, जिथे त्याला बोलला, तिथेच माफी मागायला लाव. आणि तो पहिला दोरा कुणाला बांधू नकोस, मनगट शोधत बसू नकोस. तुझ्या चिंचेच्या पत्राला मी उत्तर लिहिलं त्याच आठवड्यात मास्तर चहाला आले होते. मी त्यांना म्हटलं, ती सावली डुकरांच्या वर आहे, एकदा खाली पायरीवर जाऊन बघा.

नदीसाठी नाही म्हटलं, सेंगदा. त्या पोरांच्या पायांचं तर मला माहीतही नव्हतं. तो तुझ्या चटईवर झोपला म्हणून म्हटलं.

बुआचीन